कळणे आणि कळवणे

२०२३ सालच्या पावसाळ्यातली एक सकाळ. पाचगणीचा पाऊस म्हणजे काही विचारू नका! चार-चार दिवस सूर्याचे दर्शन नाही, धुके खिडकीतून सरळ वर्गात येऊन बसते आणि मुलांचे स्वेटर वाळता वाळत नाहीत. त्या सकाळी आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत चहा नुकताच आला होता. इतक्यात टेबलावर, पर्समध्ये, खुंटीवरच्या रेनकोटात, जिथे जिथे म्हणून मोबाइल होते ते सारे एकदम किंचाळू लागले. चित्रकलेच्या सरांच्या हातून कप निसटला आणि तपासून ठेवलेल्या वह्यांवर चहाचा नकाशा उमटला. शिपाईमामा तर आग लागली असे समजून बादली घेऊन धावत आले!

आग लागली नव्हती. संकटाचा इशारा एकाच क्षणी लाखो लोकांच्या हातात पोहोचवण्याची नवी व्यवस्था सरकारने उभी केली होती आणि तिची ती चाचणी होती. ही केवळ चाचणी आहे, आपण काहीही करण्याची गरज नाही, असा त्या संदेशाचा मतलब होता. तो वाचून आम्ही सगळे हसलो. तेवढ्यात वह्या घेऊन दारात उभ्या असलेल्या पाचवीतल्या एका मुलीने विचारले,

"बाई, खरा वाजला तर आपण काय करायचं?"

आम्ही पुन्हा हसलो. पण या वेळचे हसणे लवकर संपले. कारण खोलीतल्या सात-आठ शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकाकडेही या प्रश्नाचे उत्तर नव्हते. घंटा झाली. जो तो खडू-डस्टर उचलून आपापल्या वर्गावर गेला. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर वर्गात आला, संध्याकाळी घरी आला आणि अजूनही गेलेला नाही.

यंत्रशास्त्रातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परीक्षा म्हणाल तर मी मॅट्रिकपर्यंतच्या दिल्या. आताच्या भाषेत दहावी. पुढचे शिक्षण पुस्तकांनी आणि मुलांनी केले. मुलांना मराठी शिकवावे आणि रात्री दोन-चार पाने कादंबरी लिहावी, एवढाच माझा संसार. पण भाषा शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष शब्दांकडे जाते. त्याच आठवड्यात मी मुलांना प्रयोजक क्रियापदे शिकवत होते. करणे-करवणे, बसणे-बसवणे, कळणे-कळवणे. फळ्यावर वाक्ये लिहिली : ‘मला बातमी कळली.’ ‘मी बातमी कळवली.’ आणि खडू हातात तसाच राहिला. पहिल्या वाक्यात मी काहीच करीत नाही. बातमी आपल्या पायांनी येते आणि मला कळते. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘मला’चा ‘मी’ होतो. मी काहीतरी करते आणि जे करते त्याचा जाब मला विचारता येतो. कळणे आणि कळवणे यांत अंतर अवघ्या एका अक्षराचे. पण त्या अक्षरात सगळी जबाबदारी येऊन बसली आहे.

हे व्याकरण मला फार उशिरा उमगले. ते फळ्यासमोर उमगले असते तर बरे झाले असते. पण माझ्या बाबतीत त्याची किंमत दुसऱ्याने मोजली होती. ती गोष्ट सांगण्याआधी वाचकांना थोडा भूगोल सांगायला हवा.

पाचगणीच्या पारसी पॉइंटवर उभे राहिले की खाली कृष्णेचे खोरे पसरलेले दिसते. धोमच्या धरणाचे निळे पाणी, त्याच्या कडेची हिरवी-पिवळी शेते, पलीकडे कमळगड. प्रवासी येतात, फोटो काढतात, मक्याचे कणीस खातात आणि जातात. आम्हां इथल्या माणसांना मात्र त्या दृश्यामागची नदी दिसते. महाबळेश्वरच्या देवळात एका गोमुखातून पाच नद्यांची धार पडते असे आपण मानतो. त्यांतल्या कृष्णा आणि कोयना या दोघी बहिणी. एक वाईच्या वाटेने खाली उतरते, दुसरी जावळी-पाटणच्या रानातून दक्षिणेला जाते आणि कराडला प्रीतिसंगमावर दोघी अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात. पुढे एकाच नावाने सांगलीकडे जातात. म्हणजे आज माझ्या कौलांवरून जो पाऊस वाहतो आहे, तोच पुढे सांगलीच्या घाटाला लागणार आहे. वाटेत माणसाने केवढी रचना उभी केली आहे! धोमचे धरण, कोयनेचे धरण, त्या एकट्या कोयनेच्या पोटात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी, सहा वक्राकार दरवाजे, जागोजाग पाऊस मोजणारी उपकरणे, आकडे गोळा करणारे संगणक. आणि शेवटी सांगलीच्या आयर्विन पुलावर फुटांच्या खुणा. चाळीस फुटांवर पाणी आले की इशारा, पंचेचाळीसवर धोका.

या नदीच्या काठी, पलूस तालुक्यातल्या एका गावात माझे माहेर आहे. आईवडील गेले, भाऊ नोकरीपायी पुण्याला गेला. घरात आत्या तेवढी राहिली. पंच्याहत्तरीची, कानाने थोडी मंद, पण हातापायाने खणखणीत. दारात एक म्हैस. तिचे दूध डेअरीत घालावे, त्या पैशांत आपला चहा-साखरेचा खर्च भागवावा आणि कुणापुढे हात पसरू नये, असा तिचा बाणा. फोन तिच्याकडे होता, पण बटणांचा. त्यावर चित्रे येत नाहीत, संदेश तिला वाचता येत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. इकडे पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या घरातले बोलणे ऐकू येऊ नये. माझ्या मोबाइलवर एकामागून एक निरोप येत होते. महाबळेश्वरला इतका पाऊस, कोयनेचे दरवाजे इतके फूट उचलले, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. मी काय केले? आमच्या घराण्याचा एक मोबाइलवरचा गट आहे. चुलत, मावस, आते, मामे मिळून बत्तीस माणसे त्यात आहेत. आलेला प्रत्येक निरोप मी त्या गटावर पुढे ढकलला. कुणी हात जोडल्याचे चित्र टाकले, कुणी अंगठा दाखवला, दुबईच्या पुतण्याने ‘काळजी घ्या सगळ्यांनी’ असे लिहिले. आपण आपले कर्तव्य केले या समाधानात मी दिवा मालवला.

त्या बत्तीस माणसांत आत्या नव्हती. ती कशी असेल? तिच्या फोनवर गट येतच नाही. आणि बत्तीसांपैकी प्रत्येकाला वाटत होते की, दुसऱ्या कुणीतरी आत्याला फोन केलाच असेल.

आत्याचा स्वतःचा हिशेब निराळा होता. २००५ च्या पुरात पाणी मारुतीच्या पायरीपर्यंत आले होते आणि तिथूनच मागे फिरले होते. तिच्या लेखी ती पायरी म्हणजे नदीने दिलेले वचन. गावातल्या पुष्कळांचे तसेच होते. २०१९ साली नदीने ते वचन मोडले. आयर्विन पुलावर पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले आणि आत्याच्या गल्लीत ते रात्रीच्या अंधारात शिरले. शेजारच्या पोरांनी तिला पाठुंगळीला घेऊन एका पक्क्या घराच्या स्लॅबवर चढवले. दोन रात्री ती चाळीस-पन्नास माणसांबरोबर ताडपत्रीखाली बसून होती. मग बोट आली.

म्हैस गोठ्यात बांधलेली होती.

पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा घरभर गुडघाभर गाळ होता. मी रडले, आत्या रडली नाही. रिकाम्या दावणीकडे बघत ती एवढेच म्हणाली, "तासभर आधी कळलं असतं, तर दावं तरी सोडलं असतं गं. पोहून गेली असती बिचारी."

तिने मला दोष दिला नाही. मला कळले होते हे तिला ठाऊकच नव्हते. मला मात्र ते पूर्ण ठाऊक होते. तासभर नव्हे, दोन दिवस आधीपासून मला कळत होते. पाण्याला डोंगरावरून तिकडे पोहोचायला वेळ लागतो, निरोपाला एक क्षणही लागत नाही. तरीही आत्याच्या दारात पाणी आधी पोहोचले.

तेव्हापासून मी जुन्या-नव्या आपत्तींच्या हकिकती निराळ्या नजरेने वाचू लागले. भिंत का फुटली, डोंगर का घसरला, हे तज्ज्ञांनी सांगावे. मी वाचताना बघते ते एवढेच, की कुणाला कळले होते आणि कुणी कुणाला कळवले?

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण अजून पुरते बांधून व्हायचे होते, तोच त्यात पहिल्या पावसाचे पाणी साठले. भिंत खचू लागली तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांचा बांध घातला. सकाळी धरण फुटले आणि त्यामागून खडकवासलाही. रात्री धरणावरच्या माणसांना धोका दिसत होता. पुण्यात तार होती, टेलिफोन होते, आकाशवाणी होती. तरीही नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांना पाणी दारात आल्यावरच ते कळले. तेव्हा यंत्रे आजच्यासारखी नव्हती हे खरे. पण तारेवरून तीन शब्द पाठवण्याइतकी होतीच.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे मातीखाली गेली. जगाला ते कसे समजले? नेहमीच्या रस्त्याने एस. टी. घेऊन आलेल्या एका चालकाला रोजच्या जागी गाव दिसेना. त्याने ते कळवले, म्हणून समजले. आकाशात आपले उपग्रह फिरत होते. पण गाव नाहीसे झाल्याची पहिली वर्दी दिली ती लाल गाडी चालवणाऱ्या एका माणसाने. कारण ते गाव रोज त्याच्या पाहण्यातले होते.

आणि २ जुलै २०१९. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. तिथे निरोप उलट्या दिशेने जायचा होता. धरणाला गळती आहे हे आपण आधीच वर सांगितले होते, असे गावकऱ्यांनी सांगितले. म्हणजे खालच्यांना कळले होते आणि त्यांनी कळवलेही होते; वर मात्र ते कुणाला ‘कळले’ नाही. आपली सारी यंत्रणा वरून खाली बोलायला शिकली आहे. खालून वर येणारा आवाज ऐकायला तिला कान किती ठेवले आहेत, हा प्रश्न तिवऱ्याने कायमचा विचारून ठेवला आहे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, बाईंचा रोख यंत्रांवर दिसतो. जुने तेच सोने म्हणणाऱ्यांपैकी त्या असाव्यात. तसे मुळीच नाही. दवंडीच्या आठवणीने गहिवरणारी माणसे मी पाहिली आहेत. कोतवाल हलगी वाजवीत गल्लोगल्ली फिरे, कोण घरी आहे नि कोण नाही हे त्याला दिसे, ऐकू न येणाऱ्या म्हातारीच्या कानाशी जाऊन तो पुन्हा ओरडे, हे खरेच आहे. पण तीच दवंडी गावकुसाबाहेरच्या वस्तीत सगळ्यांत शेवटी जाई आणि कधी जातही नसे, हेही तितकेच खरे आहे. यंत्र निदान जात विचारत नाही. मनोरा जिथवर पोहोचतो तिथवरच्या प्रत्येक मोबाइलवर ते सारखेच किंचाळते. हा गुण लहान नव्हे.

यंत्र नेमके कशाने उपयोगी होते याचा एक धडा आमच्याच भागात आहे. वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराचे जे जाळे विणले, त्यातल्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांना १९९८ साली संगणकाने जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या काळी शहरातसुद्धा घरात संगणक असणे अपूर्वाईचे होते! बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागदपत्रे, सारे जग खेड्यात येणार असे मोठे स्वप्न होते. प्रत्यक्षात शेतकऱ्याने त्या पेटीला मुख्यतः दोन-तीनच गोष्टी विचारल्या : माझ्या उसाला तोड कधी? वजन किती भरले? खताचे काय झाले? पुढे काही गावांत असा प्रयोग झाला की, महागडा संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या अक्षरी निरोपावर हीच उत्तरे द्यायची. तेवढ्यानेही काम चोख होऊ लागले.

काहींना ही स्वप्नभंगाची गोष्ट वाटते. मला ती तशी वाटत नाही. उसाचे वजन जाणून घ्यायला ज्याला कारखान्यापर्यंत खेटे घालावे लागत, त्याला ते आपल्या गावात कळू लागले, ही एक शांत क्रांतीच होती. पूर्वी हिशेब फक्त वजनकाट्यामागे बसलेल्या माणसाला कळत असे; आता ज्याचा ऊस त्याला तो कळवला जाऊ लागला. पेटी केवढी मोठी, तिच्यात काय काय मावते, याला महत्त्व नव्हते. कुणाला, कोणती गोष्ट, वेळेवर कळवायची हे नक्की झाले, तेव्हा खिशातल्या लहानशा फोनलाही तो भार पेलता आला.

भविष्यकाळाच्या गोष्टी करताना हल्ली ‘पायाभूत सुविधा’ हा शब्द फार ऐकू येतो. रस्ते, पूल, धरणे, वीज आणि आता अदृश्य तारा व माहितीची कोठारे. पायाभूत! म्हणजे ज्याच्या पायावर उद्याचे घर उभे राहणार. हा शब्द ऐकला की मला कोयनेची आठवण होते. १९५४ साली त्या धरणाचे काम सुरू झाले. आज तिथल्या वीजघरांची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. डोंगराच्या पोटात शिरून माणसाने निर्माण केलेला हा प्रकाश, त्याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? या दिवाळीत तुमच्या गॅलरीत लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळेत कोयनेचा एखादा थेंब असेलच असेल. पण त्या पाण्याखाली गावे गेली. गाव सोडा हा निरोप त्या माणसांना अगदी वेळेवर कळवण्यात आला. तुमची जमीन कुठे, तुमचे घर कुठे, या त्यांच्या प्रश्नांचे पूर्ण उत्तर मात्र साठ वर्षे उलटली तरी अनेकांना मिळालेले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्याच खोऱ्याखालची जमीन हादरली आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा खचलेल्या रस्त्यांमुळे मदत पोहोचायला वेळ लागला. ज्या तालुक्यातून प्रकाश निघतो, तिथल्या डोंगरकपारीत निरोप आणि मदत उशिरा पोहोचावी, याला काय म्हणावे?

आता त्या खोऱ्यात तीन किलोमीटर खोल बोअर मारून शास्त्रज्ञ जमिनीच्या पोटातली हालचाल ऐकत आहेत. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे. भूकंपाची तारीख अजून कुठलेही शास्त्र सांगू शकत नाही. तरीसुद्धा धरणीला कान लावून बसलेल्या त्या माणसांविषयी मला आदर वाटतो. उद्या संगणक आजच्याहून शहाणे होतील. पाऊस पडण्याआधी पुराचा नकाशा काढतील, कोणत्या गल्लीत किती फूट पाणी येईल तेही सांगतील. आपल्याला पुष्कळ कळू लागेल. आणि म्हणूनच मला थोडी धास्ती वाटते.

कारण कळणे हे ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणे आपल्या पूर्वजांनी सांगितली. माणूस जन्मतो तो देणेकरी म्हणूनच, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पंक्तीला आता आणखी एक ऋण बसवायला हवे. ज्या घटकेला मला दुसऱ्याच्या संकटाची माहिती होते, त्या घटकेला मी त्याची देणेकरी होते. ज्याला काहीच ठाऊक नव्हते त्याला नशिबावर बोट ठेवता येते. ज्याला कळले होते त्याला ते दार बंद आहे. पूर्वी कळणारी माणसे थोडी होती. धरणावरचा अभियंता, कचेरीतला साहेब. आता ती माहिती माझ्या पर्समध्ये येऊन पडते. मग ऋणही माझ्या पर्समध्येच आले की नाही?

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला आहे आणि तो दुबळा नाही. प्रत्येकाने प्रत्येकाला कळवत सुटायचे ठरवले तर केवढा गोंधळ माजेल! खोट्या आवया उठतील, घबराट पसरेल, आणि रोज ओरडणाऱ्या लांडग्याच्या गोष्टीतल्या पोराप्रमाणे खऱ्या वेळी कुणी उठणार नाही. ‘घबराट पसरेल’ हे कारण अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्यांनी वेळोवेळी दिले आहे, आणि ते सगळ्याच वेळी खोटे नसते. पण माझा अनुभव असा, की घबराटीच्या भीतीआड पुष्कळदा दुसरीच भीती लपलेली असते : आपण सांगितले आणि तसे झाले नाही, तर लोक हसतील! पाण्यात बुडण्यापेक्षा हसू होण्याला माणूस अधिक भितो. शिवाय आलेला निरोप बत्तीस जणांकडे ढकलणे हे कळवणे नव्हेच. ते ऋण फेडणे नव्हे. ते दुसऱ्याच्या नावावर चढवणे आहे. कळवण्याला समोर एक माणूस लागतो, त्याचे नाव लागते, आणि ‘ऐकलंस ना?’ या प्रश्नाला त्याचा होकार लागतो. तो आला म्हणजे मगच फोन खाली ठेवायचा.

पाचवीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाला मी अखेर वर्गातच उत्तर शोधायला लावले. निबंधाच्या तासाला निबंध न देता सांगितले : घरी गेल्यावर आपल्या आळीतली अशी माणसे लिहून आणा, ज्यांच्यापर्यंत मोबाइलचा आवाज पोहोचणार नाही. मुले वह्या भरून आली. कुणाची पणजी ऐकू न येणारी. कुणाच्या शेजारी रात्रपाळीचा पहारेकरी दिवसा फोन बंद करून झोपणारा. कुणाच्या रानात स्ट्रॉबेरीच्या कामाला आलेले बाहेरगावचे कुटुंब, त्याला मराठी वाचता येत नाही. एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना इशारा ऐकू येईल, पण उठता येणार नाही. प्रत्येक नावापुढे मुलांनी आणखी एक नाव लिहिले, त्यांच्याकडे जाणाऱ्याचे. ‘मी’ हा शब्द त्या यादीत पुष्कळ वेळा आला होता. इतक्या वर्षांत मी तपासलेल्या निबंधांत हा एकच असा, ज्यात लाल शाईने दुरुस्त करायला मला काही सापडले नाही. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या मी त्या दिवशी सोडून दिल्या.

राहता राहिली आत्या. पुण्याच्या भावाने तिला दुसरी म्हैस घेऊन दिली. पावसाळा लागला की रोज दिवेलागणीला मी तिला फोन करते. आज महाबळेश्वरला किती पाऊस, कोयनेचे दरवाजे उघडले का, आयर्विन पुलावर पाणी किती, हे सगळे मी मोबाइलवर पाहून ठेवते आणि तिला तिच्या भाषेत सांगते. आकडे ती ऐकून घेते. पण आकड्यांशी तिला कर्तव्य नसते. सगळे ऐकून झाल्यावर ती एकच विचारते,

"मग, दावं सोडू का?"

हा प्रश्न कुठल्याही यंत्राला विचारता येत नाही. निदान आत्याला तरी येत नाही. तिथे मला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागते, आणि त्या एका शब्दामागे उभे राहावे लागते. २०२४ च्या पावसाळ्यात मी ‘हो’ म्हणाले. आत्या म्हैस घेऊन वरच्या अंगाला भाचीच्या मळ्यात गेली, दोन रात्री राहिली. पाणी मारुतीच्या पायरीपर्यंतही आले नाही. परत आल्यावर तिने मला फोन करून यथेच्छ हसून घेतले. "तुझं पाणी वाटंत कुठं जेवायला थांबलं काय गं?" म्हणाली. मीही हसले. गल्लीतही बाईंच्या पुराची थट्टा झाली म्हणतात.

त्यानंतरही तिचा नेम चुकलेला नाही. यंदाच्या पावसात एके संध्याकाळी मला शाळेत उशीर झाला. फोन करायचा राहून गेला होता. अंधार पडता पडता पर्समधला मोबाइल वाजला. आत्याच होती.

"आज फोन न्हाई केलास? तिकडं पाऊस हाय नव्हं? सांग की, दावं सोडू का?"

मी छत्री बाजूला ठेवली, पायरीवर बसले आणि आकडे बघू लागले.